लोरीन कुठवर आली

"मग, लोरीन कुठवर आली?" केशरबाईंनी विचारलं.

करुणा चहाची किटली घेऊन हातमागाच्या खोलीच्या दारात उभी होती. केशरबाई चरख्यावर सुताची कांडी भरत होत्या आणि त्यांनी मान वर केली नव्हती. करुणाला वाटलं, प्रश्न शेजारी बसलेल्या शकुनबाईंना असेल. तिने कपात चहा ओतून पुढे केला.

"तुलेच विचारून राहिली मी," केशरबाई म्हणाल्या. "पोचली का नाई ते मायजवळ?"

"कोण लोरीन, मावशी?"

"घ्या आता!" शकुनबाईंनी चरखा थांबवला. "जिची गोष्ट तिलेच माहीत नाई. अवो, तुयी लोरीन! बसमध्ये बसलेली. पुलावर पानी चढलं. डायवर म्हणते मी पुढं नेत नाई, अन् लोरीन म्हणते नको नेऊ, मी पायी जातो. तिथंच सोडलं न वैनीनं. म्हणे बाकीचं उद्या."

वैनी म्हणजे करुणाची आई. त्याच रात्री तिच्या छातीत कळ आली होती, आणि त्यातच ती गेली.

करुणाने किटली खाली ठेवली. लोरीन तिला माहीत होती, चांगली माहीत होती. फक्त पवनीत, आपल्याच घराच्या मागच्या खोलीत, कांड्या भरणाऱ्या बायकांच्या तोंडून ते नाव ऐकू येईल असं तिला कधी वाटलं नव्हतं. लोरीन ही एका कादंबरीतली बाई होती. एका कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिकेची ती कादंबरी दोनेक वर्षांपूर्वी आलेली, मराठीत अजून न उतरलेली. करुणाने ती आईला फोनवर सांगितली होती, आणि आई सोडून कुणालाही नाही.

करुणा नागपूरच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायची. दर रविवारी संध्याकाळी आईला फोन करायची. जेवलात का, बाबांचा गुडघा काय म्हणतो, संजीवच्या साड्यांना मागणी आहे का, एवढं झालं की बोलणं संपायचं. मग एकदा आईनेच विचारलं, सध्या काय वाचून राहिली. करुणाने सांगितलं. मोठ्या बंगल्यातल्या तीन भावांची कादंबरी होती, बाप गेल्यावर ते तिघे जगण्याचा अर्थ शोधत देशोदेशी हिंडत होते. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चांगली आहे. पण यांच्या घरची कामं कोण करते?"

पुस्तकात ते नव्हतंच. त्या दिवशी ती फोन ठेवून आपल्या पुस्तकांसमोर उभी राहिली आणि आईच्या डोळ्यांनी एकेक पुस्तक पाहू लागली. कामं कोण करतं हे ज्यांना माहीत होतं अशी पुस्तकं तिने वेगळी काढली. गेल्या काही वर्षांत कृष्णवर्णीय बायकांनी लिहिलेल्या कादंबऱ्या त्यांत जास्त निघाल्या. पहिल्या कादंबरीच्या तिसऱ्या पानावर एक बाई परक्यांचे शर्ट इस्त्री करत होती, आणि कुठल्या शर्टाचा मालक घरात हात उचलतो हे तिला नुसत्या बाह्यांवरून कळत होतं. तेवढं ऐकल्यावर आई म्हणाली, "हं. आता सांग पुढं."

त्यानंतर दर रविवारी करुणा सांगायची आणि आई "हूं, हूं" करायची. कधी कधी करुणाला वाटायचं, आई मेथी निवडत असेल, मन भलतीकडेच असेल. पण पुढच्या रविवारी आई बरोबर मागच्या जागेवरून सुरुवात करायला लावायची.

"आई तुम्हांला सांगायची?" करुणाने विचारलं.

"सांगाची म्हणजे? सोमवार निघाला का आमी वाट पाहत असतो," शकुनबाई म्हणाल्या. "हात कामात, कान तिच्याकडं. ते इस्त्रीवाली झाली. दवाखान्यात रातपाळी करनारी झाली. ते जुळ्या बहिनींची झाली, त्यातली एक मेली तं मी दोन दिवस वैनीसंग बोलली नाई."

"वैनीचा काय कसूर त्यात?" केशरबाई म्हणाल्या.

"सांगाचंच कायले मंग?"

"हुंकार कोण द्यायचं?" करुणाने विचारलं, आणि विचारता विचारता तिचं लक्ष खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेलं. बाबा मागावर बसून ताण्यातून धोटा फेकत होते. मधुकरराव बोलणारे गृहस्थ नव्हतेच. करवती काठाची साडी मागावर असली की त्यांचे हात, पाय आणि डोळे इतके गुंतलेले असायचे की जेवायला चारदा हाक मारावी लागायची.

"तोच," केशरबाई हळू आवाजात म्हणाल्या. "धोटा एकदा गेला का 'हूं', आला का 'हूं'. गोष्ट सांगतानी कोनी तरी हुंकार देल्ला पाह्यजे न. नाई तं सांगनारीले कसं समजन का माणसं जागी आहेत?"

करुणाच्या मनात फोनमधले ते सगळे हुंकार एकदम उठले. मेथी नव्हती तर. तिने स्वतःसाठी चहा ओतला आणि कांड्यांच्या टोपलीजवळ बसली.

"तुलेच पुरी कराव लागन करुणा," केशरबाई आता सरळ तिच्याकडे पाहून बोलल्या. "परवा तुया मायचं, विमलाचं, मासिक श्राद्ध. त्याच्या आंत."

"मावशी, ही काही व्रताची कहाणी नाही. कादंबरी आहे."

"असन. पण सुरू केली न? सुरू केलेल्या कहानीतून ना सांगनारीले उठता येत, ना आयकनारीले. हातातले तांदूळ कुठं टाकाचे मंग? एक सांगतो तुले, विमला तिकडं पोचली नसन अजून. त्या पुलावरच उभी असन, त्या पोरीसंग."

करुणा अशा गोष्टींवर विश्वास ठेवणारी नव्हती. पण पुलावर उभी असलेली आई तिला दिसली, निळ्या काठाच्या साडीतली, चप्पल हातात घेतलेली. ते चित्र काही केल्या पुसेना.

"तं मी म्हणतो," शकुनबाई पुढे सरकल्या, "शेवट वंगाळ असन तं तुया मैत्रिणीले फोन लाव. म्हणा, बाई, पोचवून टाक एकदाची. तिचं काय जाते?"

"कुठली मैत्रीण?"

"लिहिनारी! वैनी म्हणेच न, करुणाच्या बायांची नवीन गोष्ट आली म्हणून. तुयासंग नोकरीले नाई का त्या?"

करुणाला हसू आलं. आई गेल्यानंतरचं ते पहिलं हसू असावं, कारण बाबांनी धोटा हातात धरून मान वळवली. "शकुनमावशी, त्या अमेरिकेत, आफ्रिकेत, विलायतेत राहतात. मी त्यांना कधी पाहिलेलं पण नाही. त्यांना मी माहीतही नाही."

"अन् तू त्यांच्या गोष्टी गावभर सांगतं?"

तेवढ्यात संजीव सुताच्या गठ्ठ्यासह आत आला. तो करुणापेक्षा लहान, पण घरचा व्यवहार आता त्याच्याच हातात होता. त्याने शेवटचे शब्द ऐकले होते. "ताई, तू कायले यांच्या नादी लागून राहिली? सोमवारी मी महाराज बोलावले, पोथी लावली आहे. आईले त्यानं शांती भेटन. ते काळ्या बायांची भानगड आता बंद करा."

"काहून रे?" केशरबाईंचा चरखा थांबला. "आमी काय गोऱ्या आहोत? तू नागपूरच्या बायांपुढं साडी उलगडतं तं त्यांना सांगतं का, हे भरनारी केशर कोयशावानी आहे म्हणून?"

"मावशी, मी तसं नाई म्हटलं."

"तसंच म्हटलं बा तुनं. पोथी सोमवारी वाच. खुशाल वाच, आमी येतो, हात जोडतो. उद्याचा दिवस आमचा आहे."

संजीवने करुणाकडे पाहिलं. शिकलेली बहीण तरी समजूतदारपणे काही बोलेल असं त्याला वाटलं असणार.

"उद्या दुपारी सांगते," करुणा बायकांना म्हणाली. "शेवटपर्यंत."

"हात चालू ठेवा म्हणजे झालं," संजीव पुटपुटला आणि सुताचा गठ्ठा ठेवून गेला.

'शेवटपर्यंत' असं म्हणून तर टाकलं, पण संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता करुणाला त्या शब्दाचं वजन कळलं. शेवट तिला पाठ होता. लोरीन शिकागोत म्हाताऱ्यांची देखभाल करते. तिची आई आयडा दूर दक्षिणेत नदीकाठच्या गावात एकटीच राहते. पुराचा इशारा येतो, शेजारपाजार गाव सोडतं, पण आयडा हलत नाही, कारण गुलामीतून सुटलेल्या तिच्या पणजीने ती जमीन घेतलेली, आणि जमीन रिकामी दिसली की बळकावायला माणसं टपलेलीच असतात. लोरीन बस धरते. बस पुलापाशी अडते. ती पाण्यातून, चिखलातून चालत निघते. आणि पोचते तेव्हा आई गेलेली असते.

करुणासुद्धा पोचली होती तेव्हा अंगणात माणसं जमलेली होती. फोन पहाटे आला होता. रात्रीच कळवलं असतं तर, हा प्रश्न तिने कुणाला विचारला नव्हता. स्वातीने, संजीवच्या बायकोने, आपणहून सांगितलं होतं की आईच म्हणत होत्या, तिचं पेपर तपासणं चालू आहे, सकाळी कळवा. बाबा तेव्हा भिंतीकडे तोंड करून बसले होते.

ही गोष्ट आता आपल्या तोंडाने सांगायची. मोठ्याने. बाबांच्या देखत.

रविवारी सकाळी बाबा अंगणात कोवळ्या उन्हात गुडघ्याला तेल चोळत बसले होते. शेजाऱ्यांकडे नवं धान आलेलं, त्याचा वास सगळ्या गल्लीत होता. करुणा चहा घेऊन गेली तर त्यांनी तेलाचा हात पुसून कप घेतला.

"पोचव तिले," ते म्हणाले.

"काय?"

"त्या पोरीले. मायजवळ पोचव. दोन शब्द बोलू दे त्यांना."

"बाबा, पुस्तकात नाही पोचत ती."

"पुस्तक कोण पाहून राहिलं? इथं कोणाले इंग्रजी येते?"

करुणा त्यांच्याशेजारी पायरीवर बसली. बाबांनी आयुष्यात तिच्याकडे काही मागितलेलं तिला आठवत नव्हतं. कॉलेजसाठी नागपूरला जाते म्हणाली तेव्हाही त्यांनी फक्त ट्रंकेला नवं कुलूप आणून दिलं होतं. पोचव म्हणतात, तर पोचवावं. कुणाचं काय बिघडणार? लेखिका सात समुद्रांपलीकडे, बायका खूश, बाबांच्या मनावरचं ओझं थोडं हलकं.

पण ज्या रविवारी तिने आईला हा शेवट सांगितला, तो रविवार तिला आठवला. त्या दिवशी फोनवर हुंकार थांबला होता. करुणाला वाटलं, लाइन गेली. "आई, आहेस ना?" असं तिने दोनदा विचारलं. मग आईचा आवाज आला, खोल, सावकाश. "बरोबर लिहिलं तिनं," आई म्हणाली होती. "दुसरं कोणी असतं तं खोटं लिहिलं असतं."

"बाबा," करुणा म्हणाली, "आई असती तर तिने कसं सांगितलं असतं?"

मधुकररावांनी कप खाली ठेवला आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. ते मागाकडे गेले तेव्हा करुणाचं ठरलं होतं.

दुपारी केशरबाई पदराच्या गाठीत तांदूळ घेऊन आल्या. संजीवच्या अटीप्रमाणे हात चालू ठेवायचे होते, तर तांदूळ हातात कसे धरणार? शकुनबाईंनी तोड काढली. प्रत्येकीने चार दाणे पदराच्या टोकाला बांधले. केशरबाईंनी बाबांच्याही धोतराच्या सोग्यात दाणे खोचले. मधुकररावांनी मुकाट्याने खोचून घेतले. करुणाच्या ओढणीला गाठ मारताना शकुनबाई म्हणाल्या, "आज रडवलं तं पाह्य."

करुणाने घसा साफ केला. "मुसळधार पावसाने नदीची पातळी धोक्याच्या रेषेवर पोचली होती. प्रशासनाने पुलावरची वाहतूक थांबवली. अशा परिस्थितीत लोरीनने एक निर्णय घेतला..."

"थांब," केशरबाई म्हणाल्या. "हे काय बातम्या देऊन राहिली? माणसासारखं सांग."

करुणा थांबली. वर्गात ती तास तास बोलत असे आणि मुलं वह्यांत उतरवून घेत. इथे सगळ्या नुसत्या तिच्या तोंडाकडे पाहत होत्या. नागपुरात राहून घरची बोली तिच्या जिभेवरून निघून गेली होती असं नाही, पण पुस्तकांबद्दल त्या बोलीत बोलता येतं हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"बरं," ती म्हणाली. "तं लोरीन उतरली बसमधून. डायवर म्हणते, बाई, पागल झाली का? चाल माघारी. लोरीन म्हणते, तुयी माय आहे का पलीकडं? तो म्हणते, नाही. लोरीन म्हणते, मंग तू जाय माघारी."

"हूं," मागाकडून आवाज आला.

"हं, अस्सं," केशरबाई म्हणाल्या आणि चरखा फिरू लागला.

मग करुणाला फार शोधावं लागलं नाही. लोरीन पुलावरून निघाली. पाणी आधी घोट्याला होतं, मग पोटरीला. तिने बूट काढून गळ्यात अडकवले. पलीकडे तिच्या शाळेपर्यंत पाणी होतं, शाळेच्या भिंतीवरची मुलांची चित्रं अर्धी बुडालेली. एका छपरावर कोंबड्या बसल्या होत्या आणि कुठल्याशा घरात रेडिओ आपला चालूच होता, ऐकायला कोणी नाही. शकुनबाईंना रेडिओची फार चुटपुट लागली, सेल उतरतील म्हणून. वैनगंगेचं पाणी एकदा असंच गल्लीत शिरलं होतं, तेव्हा आपल्या पाळण्यात बसून मांजर वाहत गेली होती, हे केशरबाईंना सांगावंसं वाटलं, आणि ते सांगून होईपर्यंत लोरीन चिखलात थांबून राहिली. कोणाचीच त्याला हरकत नव्हती.

"मंग घर दिसलं," करुणा म्हणाली. "उंचावरचं घर होतं. पाणी पायऱ्यांपर्यंत येऊन परत गेलेलं. दारात चपलाच चपला."

शकुनबाईंचा हात थबकला. "चपला काहून?"

करुणाने उत्तर देण्याआधी मागाकडे पाहिलं. बाबांनी धोटा सोडला नव्हता. तो त्यांच्या हातात होता आणि ते ताण्याच्या धाग्यांकडे पाहत होते. अजूनही वेळ होती. आतून आयडाने हाक मारली, एवढं म्हटलं की झालं. चपला शेजारणींच्या, चहा प्यायला आलेल्या.

"बाया जमल्या होत्या म्हणून," करुणा म्हणाली. "आयडा आदल्या दिवशी गेली होती."

हुंकार आला नाही. करुणाने वाट पाहिली नाही, कारण थांबलो तर पुन्हा सुरू करता येणार नाही हे तिला ठाऊक होतं. "लोरीन आत गेली. ज्या चार म्हाताऱ्या गाव सोडून गेल्या नव्हत्या, त्या बसल्या होत्या. त्यांनी आयडाले न्हाऊ घातलं होतं, चांगला झगा घातला होता. तिच्या केसांच्या बारीक बारीक वेण्या घातल्या होत्या, त्यांच्यात घालतात तशा, सगळ्या डोक्यावर. पण कानामागचे थोडे केस तसेच सोडले होते. मोकळे. त्यातली सगळ्यात म्हातारी लोरीनले म्हणते, हे तुये आहेत. आम्ही हात नाही लावला. लोरीन खाली बसली. तिचे हात चिखलानं भरले होते. म्हातारीनं तिचे हात धुतले, पुसले. मंग तिनं मायची शेवटची वेणी घातली. घाईनं घातली नाही. दोनदा उकलून पुन्हा घातली, कारण पहिल्यांदा सैल झाली होती, अन् आयडाले सैल वेणी चालत नसे."

करुणाने ओढणीची गाठ मुठीत धरली. "घालून झाल्यावर लोरीन दारात गेली. जमीन पाहायला एक माणूस आला होता, कागद घेऊन. तो म्हणते, आता इथं कोण राहते? लोरीन म्हणते, मी. संपली."

शकुनबाई पदराने डोळे पुसत होत्या आणि रागावल्याही होत्या. "चार म्हाताऱ्यांना अक्कल होती, पाहा," त्या म्हणाल्या. "अन् आमी? आमी विमलाचं सगळं उरकून टाकलं. न्हाऊ घातलं, केस बांधले, कुंकू लावलं. पोरगी रस्त्यात आहे, तिच्यासाठी काही ठेवलं पाह्यजे, हे सुचलं का कोणाले?"

"नव्हतं सुचलं," केशरबाई म्हणाल्या. "घाईच लय होती."

"मावशी," करुणा म्हणाली, "तुम्ही तिच्याजवळ होतात. मी रस्त्यात असताना तिच्याजवळ कोणी तरी होतं."

केशरबाईंनी पदराची गाठ सोडली. चार दाणे हातात घेऊन त्या उठल्या आणि अंगणातल्या तुळशीत टाकून आल्या. मग शकुनबाई गेल्या. करुणा गेली. बाबा सगळ्यांत शेवटी, गुडघा सांभाळत, आणि परत येताना मागाकडे न जाता ते बायकांच्या जवळ, सुताच्या गठ्ठ्यावर बसले.

"मले ठाऊक होतं," ते म्हणाले.

"काय, बाबा?"

"शेवट. तुनं फोनवर सांगितला त्याच रात्री तिनं मले सांगितला. मी म्हटलं, बायांना सांगशीन तं पोचवून टाक. ते म्हणे, नाई. बायांच्या माया अशाच गेल्या, कोणाची शेतात, कोणाची सासरी असताना. यांना खोटं सांगू का?" त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "मी सकाळी मागितलं ते माह्यासाठी नाई मागितलं. तुले सांगताना त्रास होईन म्हणून."

करुणाने त्यांच्या हाताकडे पाहिलं. सुताने चिरलेली बोटं होती, तेलाने मऊ झालेली. तिने त्यावर हात ठेवला आणि त्यांनी ठेवू दिला.

"पेपर तपासाचे होते तुले," ते म्हणाले. "ते म्हणे सकाळी. मी आयकलं. आयकाले नव्हतं पाह्यजे."

"तिचं कोणी कधी टाळलंय का, बाबा?"

मधुकररावांनी मान हलवली. नाही, कोणी टाळलं नव्हतं.

"बरं, झालं आता," केशरबाईंनी नाक पुसलं आणि नवी कांडी चरख्याच्या चात्यावर चढवली. "पुढची कोणती?"

"पुढची?" करुणा म्हणाली. "मी उद्याचं झालं की नागपूरला जाईन."

"जाय न. फोन नाई का इथं? संजीवचा मोठा फोन आहे, आवाज मोठा निघते. रविवारी लावाचा. पण आधी दाखव. विमला दाखवत होती."

"दाखवायची म्हणजे?"

"साडी दाखवते तशी," बाबा म्हणाले. "गिऱ्हाइकापुढं आख्खी नाई उलगडाची. काठ दाखवाचा, हातभर पदर दाखवाचा. मंग दुसरी. तीन दाखवल्या का गिऱ्हाईक आपली आपण निवडते."

आपल्या शिफारसी पुढे अशा मांडल्या जात होत्या हे करुणाला आज कळत होतं. तिने पाय दुमडून नीट बैठक मारली आणि मनातल्या फळीवरून पुस्तकं काढू लागली. "पहिली नायजेरियातली. खाडीकाठचं गाव आहे. तेलाच्या कंपनीनं पाणी नासवलं, मासे मेले. बाया जाऊन कंपनीच्या दारात बसतात अन् तिथंच चुली मांडतात."

"जिंकते का?"

"ते आत्ता नाही सांगत. काठच दाखवायचा आहे न?"

"शिकली," केशरबाई शकुनबाईंना म्हणाल्या.

"दुसरी ब्राझीलची. एक बाई तीस वर्ष एका घरी धुणीभांडी करते. मालकीण मरते अन् घर तिच्याच नावानं करून जाते. मंग मालकिणीची पोरं येतात."

"येतीनच," शकुनबाई म्हणाल्या. "तिसरी?"

"तिसरी लंडनची. तीन जावा आहेत, जमेकाकडच्या. सासरा मरायच्या आधी दुकान विकून टाकतो, तं तिघी मिळून केसं करायचं पार्लर काढतात. एकमेकींचं तोंड पाहत नाहीत, पण एकाच आरशासमोर उभ्या राहून दिवसभर काम करतात."

मागच्या दारातून संजीव आत आला होता, किती भरलं ते पाहायला. टोपलीत कांड्या रोजच्यापेक्षा कमी दिसत होत्या, पण त्याने त्यावर काही म्हटलं नाही. तो चौकटीला टेकून उभा राहिला. "दुकान कोणाच्या नावावर राहते?" त्याने विचारलं.

"तू महाराजांले विचार," केशरबाई म्हणाल्या. मग शकुनबाईंकडे वळल्या. "जावांचीच घ्यावी. माह्या दोन जावा आहेत, मले पाहाचं आहे या लंडनवाल्या कशा निभावते."

"घ्या," शकुनबाई म्हणाल्या, पण त्यांनी करुणाकडे बोट रोखलं. "मात्र आधी कबूल कर. यात कोणी मरत नाई न?"

करुणाने आठवून पाहिलं. खोटं सांगायचं नव्हतं.

"एक मरते," ती म्हणाली. "सासू. पण लय म्हातारी आहे, अन् मरायच्या आधी तिघींशीबी पोटभर भांडून घेते."

शकुनबाईंनी क्षणभर विचार केला आणि चरख्याला हात लावला.

"मंग चालते," त्या म्हणाल्या.